वर्गखोलीचा प्रस्ताव टाकण्याआधी अंगणवाडीचं रजिस्टर उघडा

जिल्हा परिषद शाळेच्या नव्या खोल्यांचे प्रस्ताव बहुतेक वेळा आजच्या पटावर लिहिले जातात. पण मंजुरी, निविदा आणि बांधकाम उरकेपर्यंत आज चौथीत असलेली मुलं शाळेतून गेलेली असतात. खोलीत बसणार आहेत ती आज अंगणवाडीत खिचडी खाणारी मुलं. मोजायचं त्यांना.

आधी मागच्या तीन वर्षांचा 30 सप्टेंबरचा इयत्तावार पट काढा. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आणि हजेरीपटात तो मिळतो. मग अंगणवाडी सेविकेकडून 0 ते 6 वयाच्या मुलांची जन्मवर्षवार यादी घ्या. वस्तीवरची, शेतात राहणारी कुटुंबं यादीत आहेत का, ते आशाताईंच्या जन्मनोंदींशी ताडून पाहा. नाव गावात आणि मूल कायमचं पुण्याला, असंही पुष्कळदा असतं. अशी नावं वेगळी काढा.

आता प्रमाण काढा. समजा तीन वर्षांत अंगणवाडीतून 60 मुलं बाहेर पडली आणि त्यातली 48 आपल्या पहिलीत आली, म्हणजे 80 टक्के. पहिली ते चौथीचा आजचा पट 18, 21, 24, 27, एकूण 90. अंगणवाडीतले पुढचे चार गट 20, 19, 16, 15 मुलांचे. त्यांच्या 80 टक्क्यांनी येत्या चार वर्षांतले पहिलीचे वर्ग 16, 15, 13, 12 मुलांचे होतात. चौथ्या वर्षी या चारच तुकड्या शाळेत असतील, म्हणजे पट 56. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकला 60 पर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 ला तीन. शिक्षकामागे किमान एक खोली. आज तीन खोल्या लागणाऱ्या शाळेला चार वर्षांनी दोन पुरतात. इथे चौथी खोली मागण्यापेक्षा आहे त्या तीन नीट दुरुस्त करून घेणं आणि मोकळी होणारी खोली अंगणवाडीला देणं शहाणपणाचं. मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत त्याच आवारात रुळली, की ते 80 टक्केही सहसा वाढतात.

पाचवीचा वर्ग जोडला जाणार असेल तर हिशेब बदलतो. तो प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी सोडवून घ्या. शिक्षकपदांसाठी संचमान्यतेचा (पटावरून शाळेला किती पदं मंजूर, हे ठरवण्याचा) चालू शासन निर्णय पाहा, कारण त्यातले आकडे कायद्याच्या परिशिष्टापेक्षा वेगळे असू शकतात. संचमान्यतेत आधार जुळलेली मुलंच धरली जात असतील, तर स्पेलिंग किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे पडून राहिलेली नावं सप्टेंबरच्या आत दुरुस्त करा. दोन-चार नावांवर एक पद जातं.

ऊसतोडीच्या गावांत 30 सप्टेंबरचा पट भरलेला दिसतो आणि दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात. म्हणून पट कमी धरू नका. हंगामी वसतिगृह चाललं तर मुलं आजी-आजोबांकडे राहून शाळेतच टिकतात. बीडसारख्या जिल्ह्यात फेब्रुवारीच्या हजेरीवरून खोल्या ठरवणं म्हणजे मुलांना कोयत्यामागे पाठवण्यासारखं आहे.

शहराकाठी उलटी चूक होते. नव्या सोसायट्यांचे फ्लॅट मोजून पट फुगवला जातो, पण त्यातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात जातात. आपल्याकडे येतात ती भाड्याच्या चाळीतली आणि बांधकाम मजुरांची. मजुरांची मुलं साइट संपली की निघून जातात. मागच्या तीन वर्षांचे दाखल-खारीज रजिस्टरमधले प्रवेश आणि दिलेले दाखले शेजारी-शेजारी मांडा, खरा कल त्यात दिसतो. गाव शहराच्या हद्दीत घेण्याची, म्हणजे हद्दवाढीची चर्चा असेल तर खर्च करण्याआधी मालकीचा प्रश्न विचारा. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं गेली, आणि गाव गेलं की शाळेच्या इमारती नि जागेच्या हस्तांतराचा प्रश्न उभा राहतो.

प्रस्ताव अडतो तो सहसा दोन ठिकाणी. पहिलं, जागा. आजोबांनी तोंडी दिलेल्या जमिनीचं बक्षीसपत्र नसतं आणि सातबारा किंवा नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीवर) शाळेचं नाव नसतं. दुसरं, जुनी पडकी खोली. उपअभियंत्याचा धोकादायक असल्याचा दाखला आणि निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याची मंजुरी नसेल, किंवा यू-डायसमध्ये ती खोली अजून सुस्थितीत भरलेली असेल, तर कागदावर शाळेला खोल्या पुरेशा दिसतात. मुलं मात्र व्हरांड्यात बसतात. हे आधी दुरुस्त करा, मग नवी मागा.

पट वाढण्याची खात्री नसेल तर तळमजला आजच्या गरजेपुरता बांधा, पण पाया आणि कॉलम वरच्या मजल्याचा भार धरूनच काढायला सांगा. नंतर ते मजबूत करणं अवघड आणि खर्चिक असतं. रॅम्प, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पाण्याची टाकी अंदाजपत्रकातच घाला.

पट फार घसरला आणि शाळा शेजारच्या शाळेला जोडायची वेळ आली, तर पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम नकाशावर मोजू नका. जुलैमध्ये सकाळी त्या वाटेने चालत जा. ओढा, महामार्ग, मोकाट कुत्री हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा आणि ठरावाची सही-शिक्क्याची पोच घ्या.