गणिताचे प्राध्यापक होण्यासाठी तयारी कशी करावी
गणितात एम.एस्सी. करणाऱ्या आणि पुढे तोच विषय शिकवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी पात्रतेचे नियम नीट समजून घ्यावेत. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे) आणि सर्वसाधारणपणे नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. पीएच.डी.ची सक्ती २०२३ मध्ये उठली. तथापि जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, अशा स्थितीत पीएच.डी. नसलेला उमेदवार मागे पडतो, म्हणून ती ऐच्छिक आहे असे समजून स्वस्थ बसू नये.

महाराष्ट्रातील सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. गणिताची नेट मात्र सीएसआयआर-यूजीसी या केंद्रीय संस्थांची असते आणि तिचा खरा कस पार्ट सी या शेवटच्या भागात लागतो. तेथे एकापेक्षा अधिक पर्याय बरोबर असू शकतात, प्रत्येक प्रश्नाला ४.७५ गुण असतात, चुकल्यास गुण कापले जात नाहीत, परंतु सगळे बरोबर पर्याय ओळखल्याखेरीज एकही गुण पदरात पडत नाही. त्यामुळे सगळा अभ्यासक्रम वरवर चाळण्यापेक्षा रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन विषय आधी पक्के करावेत. प्रमेयातील एखादी अट काढली तर नेमके काय बिघडते, हे स्वतःच्या उदाहरणाने दाखवता आले पाहिजे.

याबाबतीत पुण्यातील विद्यार्थी भाग्यवान आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था येथे आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, आणि विद्यापीठाचा गणित विभाग आहेच. तेथील व्याख्यानांना जात राहावे. सुरुवातीला निम्मे समजले नाही तरी चालेल, पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना कोण कशावर काम करतो आणि विद्यार्थ्याला किती वेळ देतो, हे अशाच ठिकाणी कळते.

कायम नेमणूक मिळेपर्यंत बहुतेकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधन घेऊन, शिकवावे लागते. हा अनुभव मोलाचा आहे, पण सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेत धावणाऱ्याचे संशोधन दोन वर्षांत थांबते, हे मी जवळून पाहिले आहे. उत्पन्न कमी झाले तरी आठवड्यातील दोन दिवस संशोधनासाठी राखून ठेवावेत.

मुलाखतीत बहुधा फळ्यावर शिकवून दाखवायला सांगतात आणि तेथेच अनेक हुशार उमेदवार अडखळतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी युनिफॉर्म कंटिन्युइटीची (फलनाच्या एकसमान सातत्याची) व्याख्या एप्सिलॉन-डेल्टासह अचूक लिहिली; समितीतील एका वयस्कर सरांनी शांतपणे ‘उदाहरण द्या’ म्हटले आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आज मी तो तास आकड्यांपासून सुरू करतो. १० आणि १०.१ यांत अंतर ०.१, पण त्यांच्या वर्गांत २.०१, १०० आणि १००.०१ यांत अंतर अवघे ०.०१, तरी वर्गांत २.०००१. याच रीतीने (n आणि n + १/n) मोठ्या संख्या घेत गेलो, तर त्या कितीही जवळ आल्या तरी वर्गांतील फरक दोनच्या खाली येत नाही, हे मुले स्वतःच सांगतात, आणि सगळीकडे एकच डेल्टा, म्हणजे संख्यांतील अंतराची एकच मर्यादा, का चालत नाही हे त्यांना व्याख्या लिहिण्याआधीच उमगलेले असते.

असे पाच-सहा तास मुलाखतीपूर्वी तयार ठेवावेत. रिकाम्या वर्गात ते फळ्यावर पूर्ण लिहावेत, मग शेवटच्या बाकावर जाऊन बसावे आणि आपलेच अक्षर तेथून वाचता येते का, कोणती पायरी गाळली गेली, हे पाहून फळा पुसून पुन्हा लिहावे.