माइनक्राफ्ट सर्व्हरच्या प्लगइनमध्ये स्वतःची कमांड

स्पिगॉट किंवा पेपर या माइनक्राफ्ट सर्व्हर सॉफ्टवेअरवर प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा कोड) चालतं. त्यात नवी कमांड चालायला नेहमीच्या पद्धतीत तिची दोन ठिकाणी नोंद लागते: प्लगइनची माहिती देणाऱ्या प्लगइन.वायएमएल फाइलमध्ये आणि जावा कोडमध्ये. खेळाडूचा जीव पूर्ण भरणारी 'हील' कमांड घेऊ.

वायएमएलमध्ये 'कमांड्स' लिहा. खालच्या ओळीत दोन स्पेस सोडून 'हील', त्याखाली चार स्पेस सोडून 'डिस्क्रिप्शन', 'युसेज' आणि 'परमिशन'. ही सगळी नावं फाइलमध्ये रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत. 'हील'च्या आधी स्लॅश नको. टॅब तर मुळीच नको. एक टॅब शिरला तरी फाइल वाचली जात नाही आणि प्लगइन लोडच होत नाही.

आता 'कमांडएक्झिक्युटर' इंटरफेसचा क्लास करा आणि प्लगइन सुरू होताना चालणाऱ्या 'ऑनएनेबल'मध्ये 'गेटकमांड'ला 'हील' देऊन जे मिळेल त्यावर 'सेटएक्झिक्युटर' बोलवा. दोन्हीकडच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला, तर 'गेटकमांड' नल (म्हणजे काहीच नाही) परत करतं, कन्सोलवर (सर्व्हरच्या कमांड खिडकीत) नलपॉइंटरएक्सेप्शन येतं आणि प्लगइन बंद पडतं. असं झालं की आधी वायएमएलच उघडा, कोड नंतर.

खरं काम त्या क्लासच्या, कमांड दिली की चालणाऱ्या 'ऑनकमांड'मध्ये, आणि तिथे तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. कमांड देणारा 'प्लेयर' आहे का, हे पहिल्यांदा पाहा. कमांड कन्सोलवरूनही येते. तेव्हा न पाहता 'प्लेयर'मध्ये कास्ट केलंत (तो प्रकार धरून चाललात) तर क्लासकास्टएक्सेप्शन ठरलेलं. दुसऱ्या खेळाडूचं नाव घ्यायचं असेल तर आधी आर्ग्युमेंट्सची (कमांडनंतर लिहिलेल्या शब्दांची) लांबी मोजा, मग शून्याव्या जागेला हात लावा. 'गेटप्लेयर' अर्धवट नावावरही जुळवतं, म्हणजे भलत्याच खेळाडूला गाठू शकतं, 'गेटप्लेयरएक्झॅक्ट' बरं. खेळाडू ऑनलाइन नसेल तर दोन्ही नल देतात.

'सेटहेल्थ'ला नेहमीच्या खेळाडूसाठी 20 चालतं, म्हणजे 10 हृदयं. कमाल मर्यादेपेक्षा मोठा आकडा दिला की एक्सेप्शन येतं, म्हणून 20 ठोकून न लिहिता खेळाडूची कमाल मर्यादा विचारून घ्या. काम झालं की 'ट्रू' परत करा. 'फॉल्स' दिलं तर खेळाडूला 'युसेज'चा मजकूर दिसतो, तेव्हा ते चुकीच्या वापरासाठीच ठेवा.

परमिशन फक्त कमांडखाली लिहिली आणि तिची वेगळी व्याख्या केली नाही, तर ती मुळात ऑपलाच (सर्व्हरच्या ऑपरेटरलाच) मिळते. तुमच्याकडे चालणारी कमांड इतरांना नकार देते ती बहुतेक यामुळेच. 'परमिशन्स' विभागात तिचं 'डिफॉल्ट' ट्रू करा.

जार (प्लगइनची तयार फाइल) बदलल्यावर सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. 'रीलोड'ने जुने क्लास मेमरीत अडकून राहू शकतात, आणि मग नसलेली चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.