बुडालेल्या लेकराचं पोट दाबू नका, आधी श्वास द्या

बुडणं म्हटलं की नागपूरकरांना अंबाझरी, फुटाळा, मोहगाव झिलपी हे तलाव आठवतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. नुकत्याच चालायला लागलेल्या लेकराचा धोका बाथरूममधल्या बादलीपासून सुरू होतो. तिथे ना जीवरक्षक असतो ना पट्टीचा पोहणारा. असते ती आई, नाहीतर आजी, नाहीतर शेजारची काकू. सीपीआर, म्हणजे तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, यायला हवा तो त्यांना.

बादलीत कुठे कुणी बुडतं?

बुडतं. वर्षभराच्या मुलाचं वजन ९-१० किलो, त्यातही डोकं अंगाच्या मानाने जड. २० लिटरची भरलेली बादली २० किलोंच्या पुढे. मूल पाण्यात पडलेला मग काढायला वाकतं, तोल जातो, डोकं आत आणि पाय वर. बादली कलंडत नाही, कारण ती मुलाच्या दुप्पट जड आहे. हातांना टेकायला जागा नाही, त्यामुळे मुलाला स्वतःहून वर येता येत नाही. नाकतोंड बुडेल एवढं पाणी पुरतं.

उन्हाळ्यात यात भर पडते. कूलरमध्ये टाकायला भरलेल्या बादल्या, अंगणातला २०० लिटरचा ड्रम, दुपारी खेळायला ठेवलेला टब. काम झालं की बादली रिकामी करून पालथी ठेवा. ड्रमला नुसती फळी ठेवून भागत नाही, घट्ट बसणारं झाकण लागतं. जमिनीखालच्या टाक्याच्या झाकणाला कडी-कुलूप हवंच, पण खरी चूक पाणी भरताना होते: झाकण उघडून पाइप आत सोडला आणि माणूस घरात गेला. टाकं भरेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा.

कूलरशी किंवा पंपाशी मूल निपचित पडलेलं दिसलं तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. ओल्या फरशीतून करंट तुम्हालाही लागू शकतो.

ओरडेल, मग धावू

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं. हात वर करून हलवत नाही, पाण्यावर दाबत राहतं. लांबून ते खेळतंय असंच वाटतं. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते, लहान मुलाची तर आणखी लवकर संपते. पाण्यातलं पोट्टं एकाएकी गप्प झालं, की तीच धोक्याची खूण समजा.

सहलीला दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून एकाच माणसाचं नाव घेऊन सांगा: आता पंधरा मिनिटं लक्ष तुझं. त्याच्या हातात मोबाइल नको. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. दंडाला बांधायचे हवेचे फुगे खेळणं आहेत, ते निसटतात, हवा जाते. तलावात, नदीत मापाचं लाइफ जॅकेटच लागतं. पाणी साचलेल्या खदानीत आणि वाळू उपसलेल्या कन्हान नदीच्या पात्रात तर पोहणाऱ्यानेही उतरू नये. काठापासून दोन पावलांवर गुडघाभर पाणी पुरुषभर होतं, ते वरून कळत नाही.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. आडवं झोपून काठी, साडी, ओढणी पुढे करा, किंवा दोरी बांधलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेका.

बाहेर काढल्यावर होणारा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कुणी मुलाला उलटं धरून झटकतं, कुणी खांद्यावर टाकून गरागरा फिरवतं, कुणी पोट दाबून पाणी काढतं. मिठात झोपवायचे मेसेज मोबाइलवर फिरतात तो प्रकार तर सोडूनच द्या. पोट दाबल्यावर येतं ते जठरातलं पाणी. त्याबरोबर अन्नही वर येतं आणि श्वासनलिकेत जातं. फुप्फुसात गेलेलं पाणी बाहेर काढावं लागत नाही. बुडालेल्याचा जीव जातो तो हवा न मिळाल्याने, तेव्हा त्याला पहिल्यांदा हवा द्यायची.

दुसरी चूक शिकलेल्यांकडून होते. आपल्याकडे सामान्य माणसाला सीपीआर शिकवताना बरेचदा फक्त छाती दाबायला शिकवतात. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबतं तेव्हा रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून ते चालतं. बुडालेल्या मुलाच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. नुसती छाती दाबून तेच रक्त फिरतं.

मूल कडक जमिनीवर उताणं ठेवा. पलंगावर नको, मांडीवर नको. खांदे हलवून हाक मारा, छाती हलते का ते जास्तीत जास्त १० सेकंद पाहा. अधूनमधून लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दुसरं कुणी असेल तर त्याला १०८ लावायला सांगा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून सुरू करा. फोन जवळ नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग फोन.

डोकं किंचित मागे, हनुवटी वर. वर्षाच्या आतल्या बाळाची मान मागे वाकवू नका, तोंड सरळ वर राहू द्या. मुलाचं नाक चिमटीत धरून तोंडाने फुंका. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. एक श्वास एक सेकंद, छाती उचललेली दिसेल इतकाच, बाळाला तर गालातली हवा पुरते. छाती उचलली नाही तर डोक्याची ठेवण बदलून पुन्हा. जोरात फुंकलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते. सुरुवातीला असे २ श्वास, युरोपीय पद्धतीत ५. जे शिकलात ते द्या, ऐन वेळी वाद नको. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून बोटाने तोंड साफ करा आणि पुढे चालू ठेवा.

मग छाती. मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून ३० दाब, मग २ श्वास. मुलाची छाती सुमारे ५ सेंटीमीटर खाली जायला हवी, बाळाची ४. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. लोक घाबरून हलकं दाबतात, नाहीतर दमले की छातीवर रेलतात. दोघे असाल तर दर दोन मिनिटांनी बदला. बाळासाठी दोन बोटांची जुनी पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मध्ये वगळली. त्याऐवजी दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून दोन अंगठ्यांनी दाबा, किंवा एका तळहाताची टाच वापरा.

गाडी काढून मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांकडे पळायचा मोह टाळा. स्कूटरवर मांडीत धरलेल्या मुलाला ना श्वास देता येतो ना छाती दाबता येते, आणि हवा न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर, किंवा मूल स्वतःहून नीट श्वास घेईस्तोवर थांबायचं नाही.

हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसावा लागतो. वर्ग निवडताना दोनच गोष्टी विचारा: बाळाचा आणि मुलाचा पुतळा आहे का, आणि तोंडाने श्वास द्यायला शिकवता का. दोन्हींपैकी एकालाही नकार आला तर दुसरा वर्ग शोधा. काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून अधूनमधून घरी उशीवर दाबांचा वेग मोजत राहा. जिवंत मुलावर मात्र सराव करू नका.

मूल शुद्धीवर आलं, रडलं, पाणी मागितलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. श्वास द्यावा लागला होता, मूल बेशुद्ध होतं, किंवा नंतर खोकला, भराभर श्वास, झापड, ओठांवर निळसरपणा दिसला तर घरी बघू म्हणायचं नाही. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा, कुशीवर ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: अंदाजे किती वेळ पाण्यात होतं, बाहेर काढलं तेव्हा श्वास होता का, आणि सीपीआर किती मिनिटं दिला.