स्प्रे कॅनने टेललाईट स्मोक करायची असेल तर

टेललाईट काळपट केली की गाडी मागून एकदम भारी दिसते, तो लुक मलाही आवडतो, म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, ही लाईट मागून येणाऱ्यासाठी लावलेली असते. किती काळी करायची हे तुमच्या आवडीवर सोडायचं नाही, भर दुपारच्या उन्हात ब्रेक दाबला की मागच्याला झटकन कळतंय का त्यावर ठरवायचं. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगतोय.

कॅन आणायच्या आधी तुमच्याकडचा नियम बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची टेललाईट टिंट करायला परवानगीच नाही, काही ठिकाणी अटी आहेत. तुमच्या लेन्सवर कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली दिसतील, युरोपियन नियमाची लाईट असेल तर वर्तुळात ई अक्षर आणि त्याच्या शेजारी आकडा असतो, ती मंजुरीची खूण. ती मंजुरी कंपनीतून जशी लाईट निघाली तशीसाठी असते, तुम्ही वरून रंग मारला की ती धरता येत नाही, मग तपासणीत गाडी नापास होऊ शकते आणि उद्या मागून कोणी ठोकलं तर इन्शुरन्सवाले नेमकं त्यावरच बोट ठेवू शकतात. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ओरिजिनल लाईट्सना हात लावू नका. सेकंडहँड जोडी मिळवा, त्यावर काम करा आणि मूळ जोडी नीट गुंडाळून ठेवा. आणि नियमात बसत नसेल तर ती टिंट केलेली जोडी शोसाठी, फोटोसाठी लावायची, रोजच्या रस्त्याला नाही.

आता सामान. ट्रान्सपरंट टिंट स्प्रे म्हणून जो मिळतो तोच घ्यायचा, साधा काळा स्प्रे पातळ मारून चालेल असं बरेच जण समजतात पण तो अपारदर्शक असतो, त्याचे ठिपके प्रकाश अडवतात आणि लाईट लावली की घाणेरडी दिसते. बाकी ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, शेवटच्या फिनिशिंगला १५०० आणि २०००, चांगला मास्किंग टेप, धागे न सुटणारं फडकं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, क्लिअर कोटचा (टिंटवर मारायचा पारदर्शक संरक्षक थर) कॅन, रबिंग कंपाऊंड (घासून चकाकी आणायची पेस्ट), हातमोजे. आणि ऑरगॅनिक व्हेपरवाली, म्हणजे रंगाची वाफ शोषणारी काडतुसं असलेला मास्क, कापडी किंवा साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. क्लिअरमध्ये १के आणि २के असे दोन प्रकार येतात, १के नुसताच वाळतो, २के मध्ये हार्डनर म्हणजे कडक करणारं रसायन मिसळावं लागतं. २के जास्त टणक होतो, पेट्रोललाही दाद देत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसांना फार वाईट, एकदा त्याची ॲलर्जी बसली की कायमचा दमा मागे लागू शकतो. घरच्या कामाला मी १केच सांगेन. फक्त पेट्रोल भरताना लाईटवर थेंब उडाला तर लगेच पुसा, नाहीतर तिथे रंग मऊ पडतो.

लाईट गाडीवर ठेवून मास्किंग करून मारता येते, पण काढूनच करा, कडा नीट होतात आणि बॉडीवर उडत नाही. डिकीच्या आतलं कव्हर काढलं की मागे नट दिसतात, काही गाड्यांत बाजूला क्लिप असते, ती जोरात ओढली की तुटते म्हणून आधी हाताने चाचपून बघा कुठे अडकलीय. वायरचा सॉकेट काढा, बल्ब होल्डर काढा, मागची भोकं टेपने बंद करा म्हणजे धुताना आत पाणी जाणार नाही. लेन्सला बारीक चीर असेल किंवा आत ओल धरलेली दिसत असेल तर त्या लाईटवर मेहनत करू नका.

भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, कडेच्या खाचांत जुनं वॅक्स बसलेलं असतं ते जुन्या टूथब्रशने काढा. वाळलं की ८०० आणि मग १००० ने पाणी लावून हलक्या हाताने घासा, चकाकी जाऊन सगळीकडे एकसारखा दुधट रंग आला पाहिजे. कुठे चकचकीत ठिपका राहिला तर रंग नेमका तिथूनच सुटतो. ४०० सारखा जाड पेपर अजिबात नको, टिंट पारदर्शक असतो त्यामुळे खालचे ओरखडे लाईट लागली की सगळे दिसतात. ती कोरलेली मंजुरीची अक्षरंही घासून घालवू नका. मग पुसायला अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन आणि भिजत न ठेवता. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यातलं काहीही नाही, बहुतेक टेललाईटच्या लेन्स ॲक्रिलिकच्या असतात आणि थिनर लागलं की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या नंतर कशानेच जात नाहीत.

मास्किंगला वेळ द्या. मागे घ्यायची पांढरी लाईट झाका, इंडिकेटर झाका, आणि रिफ्लेक्टर तर झाकाच झाका. रिफ्लेक्टर म्हणजे तो बारीक षटकोनी जाळीसारखा दिसणारा भाग, गाडी रात्री बंद करून रस्त्याकडेला उभी असते तेव्हा दुसऱ्याला ती फक्त याच्यामुळे दिसते. प्रकाश त्यातून दोनदा जातो, एकदा आत आणि एकदा बाहेर, म्हणजे निम्मा प्रकाश सोडणारा टिंट मारला तर परत येणारा प्रकाश पावच उरतो. वरच्या काचेजवळची तिसरी ब्रेक लाईट पण आहे तशीच राहू द्या.

आता स्प्रे. मोकळ्या हवेत पण वारा नसेल अशी जागा, आसपास आग, हीटर, सिगरेट काही नको कारण कॅनमधला गॅस पेट घेतो. पावसाळी दमट हवेत मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावरही पुढे दोन मिनिटं हलवत राहा. हवा गार असेल तर कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, गरम पाण्यात किंवा गॅसजवळ कधीच नाही. पहिला फवारा एखाद्या प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून बघा, नोझल थुंकत असेल तर ते तिथेच कळतं.

दोन्ही लाईट शेजारी शेजारी, गाडीवर बसतात त्याच कोनात ठेवा आणि दोन्हीवर तितकेच हात मारा, नाहीतर एक डोळा काळा आणि एक करडा असं होतं. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. बटण लाईटच्या बाहेर दाबायचं, हात सरळ न्यायचा, लाईट संपल्यावर बाहेरच सोडायचं, आणि पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. पहिला कोट इतका हलका की नुसती धूळ बसल्यासारखी वाटली पाहिजे, त्यावेळी ते ठिपक्याठिपक्याचं दिसतं आणि हात शिवशिवतो की अजून थोडं मारूया, तिथेच थांबायचं. दहा मिनिटं जाऊ द्या, पण कॅनवर वेगळी वेळ दिली असेल तर तीच धरा. ओला चकचकीत जाड कोट मारलात की ओघळ आलाच, आणि ओघळ म्हणजे तिथे दुप्पट काळं.

कोट वाढत जातात तसा प्रकाश गुणाकाराने कमी होतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. समजा एक कोट ८० टक्के प्रकाश सोडतो, तर दुसऱ्यानंतर ६४ उरतात, तिसऱ्यानंतर ५१, चौथ्यानंतर ४१. डोळ्याला तिसरा आणि चौथा यात फार फरक वाटत नाही, ब्रेक लाईटला मात्र वाटतो. वर क्लिअर बसला की तोच टिंट आणखी गडद दिसतो. त्यामुळे मनासारखं काळं होण्याच्या एक कोट आधीच थांबा, रस्त्यावर न्यायची असेल तर दोन हलके कोट म्हणजे पुष्कळ.

प्रत्येक कोट वाळला की एक करा. मागच्या बल्बच्या भोकावरचा टेप सोडवून मोबाईलचा टॉर्च आत धरा आणि अंधारात समोरून बघा. बाहेरून एकदम एकसारखा वाटणारा रंग आतून उजेड लागला की खरा कळतो, कुठे पट्टे आलेत, कुठे कडेला जास्त बसलाय, खाचेत कुठे रंग साचून जवळजवळ बंद झालंय, सगळं समोर येतं. पुढचा कोट मारायचाच असेल तर याच्यावरून हात कुठे हलका ठेवायचा ते ठरवा.

क्लिअरचे तीन-चार पातळ कोट तसेच. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, स्वतःवरच दुमडत हळू ओढा, म्हणजे काठ फाटत नाही. वाळवायला उन्हात ठेवू नका, वरची साल आधी वाळते आणि आतला सॉल्व्हंट बुडबुडे काढत बाहेर येतो. हीट गनही नको. एक दिवस हात लावू नका, दोन-तीन दिवसांनी ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, दिसत असेल तर १५०० आणि २००० ने पाणी लावून हलकं घासा, मग कंपाऊंड. कडांवर घासू नका, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि पेपर थेट टिंटपर्यंत पोचतो. प्रेशर वॉशर किमान आठवडाभर लांब.

लाईट बसवताना मागचा फोम गॅस्केट नीट बसलाय ना बघा, नाहीतर डिकीत पाणी. आणि मग खरी परीक्षा. दुपारी सूर्य थेट लाईटवर पडेल अशी गाडी लावा, टेललाईट चालू करा, एकाला आत बसवून ब्रेक दाबत-सोडत राहायला सांगा आणि तुम्ही ३० मीटर मागे जाऊन बघा, शेजारी टिंट न केलेली गाडी असेल तर उत्तमच. बघायचं ते हे की ब्रेक दाबल्याची उडी दिसते का. बऱ्याच गाड्यांत टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात, पी२१/५डब्ल्यू नावाचा तो दोन तारांचा बल्ब, ५ वॅटची तार टेलला आणि २१ वॅटची ब्रेकला. दोन्हींचा रंग तोच, फरक फक्त उजेडाचा, आणि टिंटने उन्हात नेमका तोच फरक खाल्ला जातो. तुम्हाला, ब्रेक कधी दाबणार हे माहीत असूनही, क्षणभर शंका आली तर मागे गाडी चालवणाऱ्याला कळणारच नाही. मग ती जोडी काढा आणि ओरिजिनल लावा.

काही जण यावर जास्त वॅटचा बल्ब टाकतात, ते करू नका, होल्डर आणि बल्बमागची चकचकीत वाटी उष्णतेने वितळू शकते. साध्या बल्बसाठी बनवलेल्या वाटीत एलईडी टाकला तरी उजेड हवा तसा पसरत नाही, समोरून झगझगीत आणि बाजूने अंधार असं होतं.

जास्त काळं झालं असेल तर परत मागे येता येतं. १००० ने पाणी लावून रंग उतरवा, १५००, २००० करत जा, शेवटी कंपाऊंडने लेन्स पुन्हा स्वच्छ होते, फक्त वेळ बराच लागतो आणि थिनरचा मोह टाळावा लागतो. एवढा व्याप नको असेल तर टिंटची फिल्म मिळते, साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवायची, नको झाली की कोमट करून सोलायची. नियम आणि उन्हातली ती ब्रेकची परीक्षा मात्र फिल्मलाही तशीच लागू.