कौटुंबिक ट्रस्ट करताना या चुका टाळा: डीड झालं, फ्लॅट मात्र बाहेरच

दिव्यांग मुलाच्या पुढच्या आयुष्याची सोय म्हणून किंवा मुलं परदेशात असल्यामुळे अनेक जण खासगी ट्रस्ट करतात, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवून ती लाभार्थ्यासाठी सांभाळायला लावतात. वकिलाकडून डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, तयार होतं, सह्या होतात, फाईल कपाटात जाते. गोंधळ नंतर उघडा पडतो.

सगळ्यात मोठी आणि नेहमीची चूक म्हणजे रिकामा ट्रस्ट. डीडमध्ये सुरुवातीचा निधी म्हणून हजार-दहा हजार रुपये लिहिलेले असतात, आणि फ्लॅट, शेअर्स, ठेवी सगळं वडिलांच्याच नावावर राहतं. ‘भारतीय न्यास अधिनियम, 1882’नुसार स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट सही केलेल्या, नोंदणीकृत दस्तानेच होतो, नाहीतर मृत्युपत्राने. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या कागदाने फ्लॅट ट्रस्टमध्ये येत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा आणि तिथेच थांबू नका: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची नोंद, ट्रस्टचं पॅन, बँक खातं, विश्वस्तांच्या नावे डीमॅट, हे सगळं मागोमाग व्हायला हवं. मालक हयात असेपर्यंत ही चूक दुरुस्त होते. ते गेल्यावर फ्लॅट मृत्युपत्राप्रमाणे जातो, मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, आणि मग प्रत्येक वारसाची मनधरणी करत बसावं लागतं. म्हणून डीडच्या जोडीला ‘उरलेली सर्व मालमत्ता ट्रस्टला’ असं मृत्युपत्र करून ठेवाच. नॉमिनेशनच्या भरवशावर राहू नका. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

खर्चाचा अंदाजही इथेच चुकतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायला 200 रुपये मुद्रांक शुल्क लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ती सवलत नात्यातल्या ठरावीक व्यक्तींना दिलेल्या बक्षीसपत्रासाठी आहे. ट्रस्टच्या दस्तालाही ती मिळेल असं गृहीत धरू नका. सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे नेमकं किती शुल्क लागेल याचा निर्णय, करून घेतलेला बरा.

काही जण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चकरा मारतात. ते कार्यालय सार्वजनिक न्यासांचं. घरच्या ट्रस्टचं तिथे काम नाही.

वडिलोपार्जित घर एकट्याने ट्रस्टमध्ये टाकण्याचा हट्ट तर अंगाशीच येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीही जन्माने सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, आहेत. जे आपलं नाही ते ट्रस्टला देता येत नाही.

विश्वस्त निवडताना आपल्याच वयाचा मित्र किंवा धाकटा भाऊ नेमतात. लाभार्थी मुलगा बारा वर्षांचा आणि विश्वस्त सत्तरीचे, हे गणित कसं जमणार? नवा विश्वस्त कोण, कसा नेमणार, हे डीडमध्ये लिहा; नाहीतर दिवाणी न्यायालय गाठावं लागू शकतं. डीडमध्ये वेगळं म्हटलं नसेल तर सगळ्या विश्वस्तांना मिळून निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे एक जण टोरांटोत असला की चेक अडकला. शिवाय बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ट्रस्टमुळे कायदेशीर पालक मिळत नाही. त्यासाठी ‘राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999’खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ट्रस्ट पैसे सांभाळतो, मुलाला नाही.

कर वाचवायला ट्रस्ट करणाऱ्यांची मला गंमत वाटते. भारतात इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, 1985 मध्येच रद्द झाली. उलट कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलेल्या ट्रस्टच्या उत्पन्नावर, काही अपवाद वगळता, सर्वोच्च दराने कर लागतो. हिस्से ठरवून दिले तर तो लाभार्थ्याच्या दराने लागतो. मात्र त्यात व्यवसायाचं उत्पन्न असेल तर चित्र बदलतं. लाभार्थी अमेरिकेचा करदाता असेल तर इथल्या ट्रस्टमधून मिळालेल्या रकमेची माहिती तिथे फॉर्म 3520 वर द्यावी लागते.

डीड आधीच झालं असेल आणि त्यात त्रुटी असेल, तर सर्व सज्ञान लाभार्थ्यांच्या संमतीने विश्वस्तांना दिलेल्या सूचना बदलता येतात. लाभार्थी अल्पवयीन किंवा अक्षम असेल, तर त्याच्या वतीने ही संमती मुख्य दिवाणी न्यायालय देऊ शकतं.