मानेचे व्यायाम करताय? मग या चुका टाळा

नेमाने व्यायाम केला, ठणका कमी झाला, पण मान वळवली की अजूनही कसंतरीच होतं. गर्दीतून चालताना तोल गेल्यासारखा वाटतो, डोकं जड असतं. असं होणाऱ्यांचा व्यायाम बहुतेक वेळा चुकीचा नसतो, अर्धवट असतो. डोकं पेलणं हे मानेचं एक काम. डोकं कुठे आहे, किती वळलंय, याची खबर मेंदूला देणं हे दुसरं. या दुसऱ्या कामाचा सराव कोणी करतच नाही.

कवटीच्या तळाशी मागच्या बाजूला काही छोटे स्नायू असतात. ताण टिपणारे संवेदक त्यांच्यात फार दाटीने असतात. त्यांच्याकडून येणारी माहिती मेंदू डोळ्यांच्या आणि आतल्या कानाच्या माहितीशी सतत जुळवून बघतो. दुखणं, थकवा किंवा अपघातात बसलेला हिसका यांमुळे मानेची खबर बिघडली, की डोळे एक सांगतात आणि मान भलतंच. दुखणं थांबलं म्हणजे ही जुळणी आपोआप ताळ्यावर येईलच, असं नाही.

चूक पहिली: आरशात बघून मान ‘सरळ’ करणं

डोळे उघडे असले की काम डोळेच करतात, मानेची परीक्षा होतच नाही. डोकं कुठे आहे याची मानेला असलेली जाण मोजायची एक साधी पद्धत फ्रान्सचे संशोधक मिशेल रेव्हेल यांनी १९९१ मध्ये मांडली आणि ती आजही वापरली जाते. डोक्याला पट्ट्याने छोटा लेझर बांधायचा, भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका जिथे पडेल तिथे खूण करायची. मग डोळे मिटून मान सावकाश एका बाजूला वळवायची, परत ‘सरळ’ वाटेल तिथे आणायची, थांबायचं आणि मगच डोळे उघडायचे. बऱ्याच प्रयत्नांची सरासरी साधारण साडेचार अंशांहून जास्त, म्हणजे ठिपका सुमारे ७ सेंटीमीटर लांब, येत असेल तर जाण बिघडलेली आहे असं समजतात.

सरावही हाच. चूक दिसली की उघड्या डोळ्यांनी ठिपका खुणेवर आणायचा, तिथे मान कशी वाटते ते नीट अनुभवायचं आणि पुन्हा करायचं. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, सगळीकडे. पण घरी यात तीन गोष्टी हमखास फसतात. पट्टा सैल असला तर ठिपका डोक्यामुळे नाही, पट्ट्यामुळे सरकतो. पाठ टेकलेली नसली तर मानेबरोबर खांदेही वळतात. आणि तिसरी सगळ्यात गमतीची: शेवटच्या क्षणी पापण्या किलकिल्या करून लोक ठिपका हळूच जागेवर आणतात. ही लबाडी आपल्या नकळत होते, म्हणून लक्ष ठेवायला बाजूला कोणाला तरी बसवा. मात्र लेझर त्या माणसाच्या डोळ्यांत जाता कामा नये.

चूक दुसरी: घाई

झटकन मान फिरवली की आतल्या कानातल्या नलिका लगेच हालचाल ओळखतात आणि मानेला काही सांगायची वेळच येत नाही. वेग इतका कमी हवा की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

चूक तिसरी: हनुवटी दाबून धरणं

मानेच्या पुढच्या बाजूला आत, मणक्यांना लागून असलेले स्नायू मानदुखीत ढिले पडतात आणि त्यांचं काम वरचे जाड स्नायू ओढून नेतात. हे जागे करायचा व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ आहे. पाठीवर झोपायचं, लागल्यास डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल घ्यायचा आणि ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच, कणभर मान हलवायची. डोकं उचलायचं नाही, मागेही दाबायचं नाही. फिजिओथेरपिस्टकडे मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून हे मोजतात: सुरुवात २० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, मग दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत, आणि शेवटी १० सेकंद टिकवून १० वेळा. घरी पिशवीशिवायही चालतं.

चुकतंय हे ओळखायला दोन बोटं मानेच्या पुढच्या बाजूंना ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारी दोरी बोटांखाली टणक झाली, दात घट्ट मिटले किंवा श्वास अडकला, तर जोर जास्त होतोय. निम्म्याने कमी करा. फिजिओथेरपीच्या संशोधक ग्वेन्डोलेन जल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा व्यायाम आणि वर सांगितलेला स्थिती ओळखायचा सराव यांची तुलना केली, तेव्हा दोन्हींनी स्थितीची अचूकता सुधारली होती. म्हणून एकच करणं झेपत असेल, तर एकाने सुरुवात करायलाही हरकत नाही.

चूक चौथी: डोळ्यांना सुट्टी

समोरच्या एका ठिपक्यावर नजर रोखून डोकं वळवणं. डोकं स्थिर ठेवून फक्त डोळे फिरवणं. आधी डोळे आणि मागोमाग डोकं नेणं. डोळ्यांचे हे तिन्ही व्यायाम लोक वगळतात, पण ते मानेच्याच उपचाराचे भाग आहेत. यात थोडं गरगरलं आणि पाच-एक मिनिटांत शमलं, तर चालेल. तासभर डोकं धरत असेल तर प्रकार सोपा करा: उभ्याऐवजी बसून, कमी वळण, मागे कोरी भिंत. चित्रविचित्र पडद्यासमोर हा व्यायाम जास्त अवघड जातो, म्हणून तो नंतरचा टप्पा.

पण गरगरणं मानेमुळेच आहे हे कोणी ठरवलं? अंथरुणात कूस बदलली की काही सेकंद खोली फिरते, हे बरेचदा आतल्या कानाचं दुखणं असतं आणि त्याचा इलाज वेगळा. हातापायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, चालताना पाय अडखळणं, एकाची दोन दृश्यं दिसणं, बोलायला-गिळायला त्रास, ताप, रात्री न थांबणारी वेदना किंवा नुकताच झालेला अपघात असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. अचानक सुरू झालं असेल तर ताबडतोब.

चूक पाचवी: दमेपर्यंत करणं

थकलेली मान चुकीची खबर देते. म्हणजे घामाघूम होऊन केलेला अचूकतेचा सराव चुकाच घोटवून घेतो. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी थोडा वेळ पुरे. ठिपका आधीपेक्षा लांब पडू लागला की त्या वेळेपुरतं थांबा. वजनाचे व्यायाम त्याच दिवशी असतील तर ते नंतर करा.

आणि मान कडकन मोडणं. क्षणभर बरं वाटतं, शिकत मात्र मान काहीच नाही.

चूक सहावी: कायम हळुवारच राहणं

वर इतकं ‘हळू, हळू’ सांगितल्यावर हे उलटं वाटेल, पण फक्त ताणाचे व्यायाम करत राहणाऱ्यांचंही अडतं. फिनलंडमध्ये मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन महिलांवर एक वर्षभराचा अभ्यास झाला, तो २००३ मध्ये छापून आला. ताकदीचे किंवा दमसासाचे मानेचे व्यायाम करणाऱ्यांना, नुसते ताणाचे आणि चालण्या-पळण्यासारखे व्यायाम सांगितलेल्यांपेक्षा जास्त आराम मिळाला. तेव्हा हालचाल अचूक झाली आणि दुखणं शांत राहू लागलं, की रबरी पट्ट्याचा किंवा हाताचा विरोध देऊन हळूहळू भार वाढवा. सोबत तोलही घ्या: भिंतीजवळ एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे ठेवून उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आदल्या दिवशीइतकीच किंवा बरी असेल तर भार जमला; जास्त आखडली असेल तर एक पायरी खाली या आणि दोन-तीन दिवस तिथेच राहा.