के चढत गेला तेव्हा: रेट लॉ नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बारावीला केमिकल कायनेटिक्सच्या, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाच्या, गणितात माझा एकही मार्क गेला नाही. सूत्र पाठ, लॉग टेबल शेजारी, किमती घातल्या की उत्तर तयार. मग एस. वाय. बी.एस्सी.ला मिथाइल ॲसिटेटचं प्रॅक्टिकल आलं. रेट लॉ म्हणजे रेट कॉन्सन्ट्रेशनवर कसा अवलंबून आहे ते सांगणारं सूत्र, आणि के हा त्यातला स्थिरांक. दहाव्या मिनिटाच्या रीडिंगवरून के आला ०.०११, चाळिसाव्यावरून ०.०१२, साठाव्यावरून ०.०१३. ज्याला स्थिरांक म्हणायचं तो माझ्या वहीत जिना चढत होता.

प्रयोग बहुतेकांच्या वाट्याला येतो म्हणून नीट सांगतो. १०० मिली अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ५ मिली मिथाइल ॲसिटेट घालायचं. पाण्यामुळे हे एस्टर (मिथाइल ॲसिटेट) फुटतं, ॲसिटिक ॲसिड आणि मिथेनॉल तयार होतं. ठरावीक वेळाने ५ मिली मिश्रण पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक घालून कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करायचं, म्हणजे ॲसिड मारायला किती सोडा लागतो ते मोजायचं. ॲसिड वाढत जातं, तसा दर वेळी सोडा जास्त लागतो. बर्फ का, तर थंड आणि पातळ झालं की रिॲक्शन जवळजवळ जागच्या जागी थांबते. वेळ लिहायची ती पिपेट अर्धी रिकामी झाली त्या क्षणाची. आणि पहिला फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. तो थोड्या वेळाने उडतो, कारण उरलेलं एस्टर सोडा खात असतं. उडाला म्हणून आणखी थेंब टाकत बसलात तर रीडिंग गेलंच.

माझी चूक यातल्या कशात नव्हती. सूत्रात एक ‘इन्फिनिटी रीडिंग’ लागतं, म्हणजे रिॲक्शन पूर्ण झाल्यावरचं. दिवसभर थांबायला नको म्हणून मी थोडं मिश्रण वॉटर बाथवर ठेवलं, तेही बूच न लावता. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांनाच उकळतं. फुटायच्या आधीच बरंचसं एस्टर वाफ होऊन उडून गेलं, आणि जे उडालं त्याचं ॲसिड कुठून होणार? शेजारच्या टेबलावर २६.४ मिली आलं होतं, माझ्याकडे जेमतेम २०. हा आकडा कमी पडला की ‘अजून किती एस्टर उरलंय’ हे खऱ्यापेक्षा कमी दिसतं, आणि वेळ जाईल तसा त्याचा फटका वाढतो. के चढतो तो त्यामुळे.

सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “आकडा चुकलाय की रिॲक्शन फर्स्ट ऑर्डर नाहीये? कसं ठरवशील?” मी गप्प. तोवर ऑर्डर, म्हणजे रेट कॉन्सन्ट्रेशनच्या कितव्या घातावर चालतो तो आकडा, ही गोष्ट प्रश्नातच दिलेली असते असं मी धरून चाललो होतो.

नव्याने शिकणाऱ्यांचा घोटाळा हाच असतो. समीकरणासमोरचे आकडे बघून ऑर्डर सांगून टाकायची. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनात समीकरणात दोन रेणू असतात, तरी प्रयोगात ऑर्डर एक मिळते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रिॲक्शनमध्ये, फार तापवलं नाही तर, रेट पहिल्याच्या कॉन्सन्ट्रेशनच्या वर्गावर चालतो आणि दुसऱ्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमचा भाग साखर कारखान्यांचा, म्हणून मला हे वजनकाट्यावरून पटलं. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना आत गव्हाणीपाशी (ऊस गाळायला टाकतात तिथे) माणसं दुप्पट उभी केली तरी उसाच्या ट्रॉल्या काट्याच्याच वेगाने येणार. इथे काटा म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडच्या दोन रेणूंची गाठ पडणं, हीच संथ पायरी. कार्बन मोनॉक्साइड काट्याच्या पलीकडे उभा.

मग ऑर्डर काढायची कशी? गणितात टेबल दिलं असेल तर अशा दोन ओळी शोधा ज्यांत एकाच पदार्थाचं कॉन्सन्ट्रेशन बदललंय. ते दुप्पट झाल्यावर रेट दुप्पट झाला तर एक, चौपट तर दोन, हललाच नाही तर शून्य. के चं एकक बघायची सवय लावा. नुसतं ‘प्रति मिनिट’ असेल तर फर्स्ट ऑर्डर, बाकी आकडेमोड नंतर. आलेखाबद्दल मात्र सावध राहा. रिॲक्शन थोडीच पुढे गेली असेल तर कुठलाही आलेख सरळ रेषेसारखा दिसतो. आमच्या प्रयोगात बरोबर के ०.००६ प्रति मिनिट होता, म्हणजे अर्धायुकाल (अर्धं एस्टर संपायला लागणारा वेळ) जवळजवळ दोन तास, आणि आम्ही तासाभरात गाशा गुंडाळायचो. एवढ्यावर ‘फर्स्ट ऑर्डर सिद्ध झाली’ असं जर्नलमध्ये लिहिणं म्हणजे जरा धाडसच होतं.

या विषयाची सुरुवातही साखरेतूनच झाली, हे मला फार उशिरा कळलं. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने ॲसिडमध्ये साखर फुटताना पोलॅरिमीटर, म्हणजे प्रकाशाचं प्रतल किती वळलं ते मोजणारं उपकरण, लावून ठेवला. साखर प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटून झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण डावीकडे. मिश्रणाला हात न लावता रिॲक्शन किती पुढे गेली ते त्याला वाचता आलं, आणि रेट उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे दिसलं. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात तो याच गुणधर्मावर.

तापमानाबद्दल थोडंच. ‘दहा अंशांनी रेट दुप्पट’ हे पाठ करून सगळीकडे लावू नका. नेहमीच्या तापमानाला ते ॲक्टिव्हेशन एनर्जी (रिॲक्शन व्हायला रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) साधारण ५३ किलोज्यूल प्रति मोल असेल तरच जुळतं. के तापमानाबरोबर कसा बदलतो ते सांगणारं १८८९ चं अऱ्हेनियसचं समीकरण वापरा, ते काही अवघड नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रयोग पुन्हा केला. फ्लास्कला घट्ट बूच लावून ठेवला आणि इन्फिनिटी रीडिंग दुसऱ्या दिवशी घेतलं. के आला ०.००५९, ०.००६१, ०.००६०. वर्षअखेरच्या व्हायवात परीक्षकांनी तेच जर्नल उघडलं.

“यात पाण्याची ऑर्डर किती?”

“शून्य, सर.”

“मग पाणी काढून टाकू या?”

मी आधी हसलो, मग गडबडलो. एस्टरच्या एका रेणूमागे पाण्याचे ऐंशीहून जास्त रेणू. सगळं एस्टर संपलं तरी पाणी कमी झाल्याचं जाणवतही नाही, म्हणून ते के च्या पोटात जाऊन बसतं. ॲसिडही तिथेच बसलेलं, ते दुप्पट तीव्र घेतलं असतं तर माझा ०.००६ जवळपास ०.०१२ झाला असता. हे सगळं अडखळत सांगून झाल्यावर शेवटी म्हणालो, “सर, पाण्याची ऑर्डर या प्रयोगातून कळतच नाही.”

“हां,” म्हणाले, आणि पान उलटलं.